कानाचे माप

ड्रिलचे बूट आणि कानात घालायचे इअरफोन या दोन वस्तू दुसऱ्याच्या मापाने घेता येत नाहीत. बूट निदान स्टोअरमध्ये पायात घालून, चार पावले चालून पाहता येतात. इअरफोन मात्र आपण खोक्यावरचे चित्र आणि किंमत बघून घेतो.

शाळेत मोबाइलला परवानगी नसल्यामुळे आम्हा कॅडेट्सचे गाणी ऐकणे सुट्टीत, आणि त्यातही रेल्वेत होते. झेलम एक्सप्रेसने दिल्लीहून मनमाडला जायचे म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसाचा प्रवास. गेल्या उन्हाळी सुट्टीत माझा नवा इअरफोन इटारसी येईपर्यंत उजव्या कानातून सारखा निसटत होता. डाव्या कानात तो टिकला, पण तासाभरात कान दुखू लागला. इअरफोन एकच, कानही माझेच, मग असे का?

घरी गेल्यावर मी त्याचा नीट शोध घेतला. आपले दोन्ही कान अगदी सारखे नसतात. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसून थोडी वळलेली असते. म्हणून इअरफोन घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. नळी थोडी सरळ होते आणि इअरफोन नीट आत बसतो. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा रबरी टोप्यांच्या तीन जोड्या असतात. आपण बहुतेक वेळा मधली जोडी लावतो आणि बाकीच्या खोक्याबरोबर फेकून देतो. माझ्या उजव्या कानाला मोठी टोपी लागली, डाव्याला लहान.

मग आवाजाची परीक्षा घेतली. मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. 'सारे जहाँ से अच्छा' या आमच्या धूनचे रेकॉर्डिंग माझ्याकडे होते. बेस ड्रम माझ्या शेजारीच वाजतो, त्यामुळे त्याचा ठोका छातीत कसा बसतो हे मला पक्के ठाऊक आहे. मधल्या टोपीने तो ठोका उजव्या कानात पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू येत होता. मोठी टोपी लावताच खरा ड्रम वाजू लागला. टोपी आणि कान यांच्यात फट राहिली, की खर्जाचा आवाज तिथून निघून जातो. इअरफोन वाईट नव्हता, तो बसत नव्हता.

टोपी नीट बसल्याचा दुसरा फायदा परतीच्या प्रवासात कळला. फट बुजल्यामुळे गाडीचा खडखडाट कमी आत येत होता आणि पूर्वीच्या निम्म्या आवाजात गाणे स्पष्ट ऐकू येत होते. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, पण ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. आतल्या कानातल्या नाजूक केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपल्याला तर पुढे वैद्यकीय तपासणीला सामोरे जायचे आहे. तिथे डॉक्टरांकडे पाठ करून, ६१० सेंटिमीटरवरून कुजबुजलेले शब्द प्रत्येक कानाने वेगवेगळे ऐकावे लागतात.

माझे आजोबा तोफखान्यात होते. त्यांच्या तरुणपणी तोफेजवळ उभे राहताना कानात कापसाचा बोळा घालत, तोही आठवण राहिली तर. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या कानात माझा इअरफोन बसवला आणि आमच्या बँडची धून लावली. ते खूश झाले. बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला आणि मोठ्याने म्हणाले, "ड्रम झकास वाजतोय रे! पण तुमच्या बासऱ्या मध्येच का थांबल्या?"

बासऱ्या थांबल्या नव्हत्या. मोठ्या आवाजाने कान बिघडतात तेव्हा आधी उंच स्वर जातात, हे मी वाचले होते. आजोबांच्या कानापर्यंत त्या बासऱ्या पोहोचतच नव्हत्या, आणि तिथे कोणत्याही मापाची टोपी उपयोगाची नव्हती. मी आवाज वाढवला नाही. इअरफोन काढून घेतला आणि त्यांच्या समोर बसून, ओठ दिसतील असे हळूहळू बोलत, बासऱ्या कुठे कुठे वाजतात ते त्यांना सांगितले.

मित्रांनो, या सुट्टीत नवा इअरफोन घेतलात तर खोक्यातल्या तिन्ही जोड्या जपून ठेवा. एकेक लावून बघा, दोन्ही कानांसाठी वेगवेगळी. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.