चालत्या डब्यातले शिवणघर

मायबहिणींनो, गोधडीला काय काय लागते असे कोणी विचारले, तर तुम्ही चटकन सांगाल: जुने लुगडे, जुने धोतर, सुई आणि दोरा. पण आणखी दोन गोष्टी लागतात आणि त्या कोणी मोजत नाही. एक म्हणजे बसायला निवांत जागा, आणि दुसरी म्हणजे शेजारी बसून दोन शब्द बोलणारी सोबतीण. कापड तर घरोघर गाठोड्यात पडून आहे. पण सुई हाती घेतली की चूल हाक मारते, गोठा हाक मारतो, पोर हाक मारते. गोधडी अर्धी राहते आणि पावसाळा येऊन ठेपतो.

अमेरिकेतल्या काही बायकांनी यावर एक तोड काढली आहे. तिकडे मोटारीमागे ओढून न्यायच्या घरगाड्या असतात, आत बिछाना, शेगडी, सगळे काही. अशी एखादी जुनी गाडी विकत घ्यायची, रंगवून दुरुस्त करायची, खिडकीशी शिवणयंत्र बसवायचे, आणि दोन-चार दिवस कुठेतरी झाडाखाली गाडी उभी करून गोधड्या शिवत बसायचे. त्यांच्या शेतकरी बायकांत पूर्वीपासून रीत होती की एकीच्या घरी साऱ्या जमायच्या, गोधडी लाकडी चौकटीवर ताणायची आणि चारही बाजूंनी टाके घालून हातोहात पुरी करायची. घर सोडून जरा दूर गेल्याशिवाय हातातले काम पुरे होत नाही, हे त्यांनाही कळले आहे.

आता आपल्या शेतकरी घरात अशी गाडी घेणे परवडायचे नाही. पण आपल्या ठाणे जिल्ह्यात एक चालते शिवणघर रोज धावते आहे. ते म्हणजे लोकलचा बायकांचा डबा. चला, आज त्या डब्यातून कल्याणहून ठाण्यापर्यंत जाऊ या.

तुम्ही शहापूरकडच्या असाल तर कसाऱ्याच्या गाडीने याल, नेरळकडच्या असाल तर कर्जतच्या गाडीने. दोन्ही वाटा कल्याणला एकत्र येतात. कल्याण हे फार जुने बंदर. सहाव्या शतकातल्या कॉसमस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात कापड सांगितले आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिताना तिथल्या चांगल्या सुती कापडाचे नाव घेतले आहे. खाडीपलीकडच्या भिवंडीत आजही यंत्रमाग खडखडतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, त्यातूनच १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. तयार कपड्यांचा मोठा धंदा तिथे वाढला. म्हणजे या मुलखात कापड आहे, कातरण आहे, चिंध्या आहेत. गोधडीला आणखी काय हवे?

रेल्वेही इथलीच थोरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटर पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणला पोचले. पुढे मुंबईत नोकरीला जाणाऱ्या बायका वाढल्या. पहाटे उठून डबे करायचे, पोरांचे आवरायचे आणि गाडी गाठायची. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने फक्त बायकांसाठी अख्खी गाडी सुरू केली, आणि त्याच वर्षी कल्याणच्या बायकांनाही अशी गाडी मिळाली.

कल्याणहून मुंबईपर्यंत ५४ किलोमीटर. धीम्या गाडीने दीड तास लागतो. येऊन-जाऊन दिवसाचे तीन तास झाले. घरी या बाईला अर्धा तास मोकळा नाही, कचेरीतही नाही. पण गाडीत बसायला मिळाले की तेवढा वेळ तिचा. तिथे तिला कोणी चहा मागत नाही. म्हणून या डब्यात तुम्हाला काय काय दिसेल! कोणी मटार सोलते, कोणी मेथी निवडते, कोणी देवाची पोथी वाचते. कोणी साडीला फॉल लावते, कोणी सुया काढून बाळाचे टोपडे विणते. समोरची अनोळखी बाई वाकून विचारते, "ताई, हा टाका कसा घातलात हो?" आणि दिव्याहून मुंब्रा येईपर्यंत शिकवणी होऊन जाते. रोजच्या रोज त्याच गाडीला येणाऱ्यांची तर मैत्रीच जमते. नवरात्रात त्या डब्याला तोरण बांधतात, संक्रांतीला तिळगूळ वाटतात, हळदीकुंकू करतात. 

कल्याण सुटले की ठाकुर्ली, मग डोंबिवली. इथे गर्दीचा लोंढा आत येतो. "मावशी, जरा सरकून घ्या" म्हणत तिघींच्या बाकावर चौथी टेकते. मग कोपर, दिवा, मुंब्रा. मुंब्र्याला डोंगर अगदी रुळाला येऊन भिडतो. कळव्यानंतर खाडी ओलांडली की ठाणे. मासुंदा तलावाजवळच्या जुन्या बाजारपेठेत दोरा, सुया, अस्तर सगळे मिळते. बाजारहाट करून दुपारच्या गाडीने परत फिरता येते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हा डबा म्हणजे माहेरचा झोपाळा नव्हे. सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी शहराकडून येताना तिथे पाय ठेवायला जागा नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाडीतून पडून प्रवाशांचे प्राण गेले. गर्दीच्या वेळी सुई पिशवीतच ठेवावी आणि दारात तर कधीच उभे राहू नये. दुपारची गाडी घ्यावी, नाहीतर जिथून गाडी सुटते तिथेच चढावे. कसारा ते कल्याण तासाभराहून अधिक वेळ लागतो. कसाऱ्याला जागा मिळाली तर तेवढा वेळ हात मोकळे असतात.

आता डब्यात गोधडी कशी शिवावी ते सांगते. अख्खी गोधडी मांडीवर मावायची नाही. म्हणून तिचे तुकडे करा. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साडेचार इंची चौकोन कापा आणि त्याच्या मापाने सुती कापडाचे चौकोन घरीच कापून ठेवा. शिवणीत दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच गेला की चार इंच उरतो. बारा चौकोनांची एक ओळ आणि अशा पंधरा ओळी धरल्या, तर १८० चौकोनांत चार फूट रुंद आणि पाच फूट लांब असा वरचा पदर तयार होतो. लहान मुलाला तेवढा पुरतो. रोज प्रवासात सहा चौकोन जोडले तर तीस दिवसांत काम झाले, सुट्ट्या धरून सव्वा महिना.

कापड आधी धुवून खळ काढा. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा फडका दाबून पाहा. रंग उतरला तर ते कापड बाजूला ठेवा. टेरिलीन सुईखाली घसरते आणि जीनचे कातरण हाताला जड जाते, ती दोन्ही टाळा. पाच-सहा सुया घरूनच ओवून न्या, कारण हलत्या गाडीत सुई ओवणे कठीण. कात्री छोटी आणि बोथट टोकाची असावी, टाचण्या झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. धक्का बसला तर सुई शेजारणीला लागू नये म्हणून टाका आपल्या अंगाकडे घ्यावा. गाडी थांबत आली की सुई कापडात टोचून ठेवावी.

ओळी तयार झाल्या की बाकीचे काम घरचे. सारवलेल्या जमिनीवर खाली धुतलेले लुगडे पसरा, मध्ये जुन्या धोतराचे थर, वर तुमचा पदर. कडेला पाटा-वरवंट्यासारखे वजन ठेवून कापड ताणा, मोठे कच्चे टाके घाला आणि मग काठापासून आत धावदोरा घालत जा. इथे चार हात लागतात. सासू, जाऊ, शेजारीण, जी असेल तिला हाक मारा.

आणखी एक हिशेब करून पाहा. शहरातली माणसे आता हातची गोधडी हौसेने विकत घेतात. मागणारा येतो आणि म्हणतो, "जुन्याच तर चिंध्या आहेत, त्याचे काय एवढे?" चिंध्यांचे मोल नसेल, पण वेळेचे आहे. समजा एका गोधडीला साठ तास लागले. आठ तासांचा दिवस धरला तर ती साडेसात दिवसांची मजुरी झाली. तुमच्या गावात खुरपणीला बाईला जी मजुरी मिळते, तिला साडेसातने गुणा आणि वर दोऱ्याचा खर्च घाला. त्याखाली गोधडी विकू नका. घरी वापरणार असाल तरी हा आकडा घरातल्या पुरुषमाणसांना एकदा ऐकवा. बाई "नुसती बसली" होती की काम करत होती, ते त्यांना उमगेल.

आपल्या गावांत ओटी होती, माळवद होते. उन्हाळ्यात सुगी आटोपली की दुपारी बायका तिथे गोधडी घेऊन बसत. आज घराघरांत बाजारची चादर आली, हाती मोबाईल आला आणि ती बैठक मोडली. डोंबिवलीच्या बायकांना घरात जागा मिळाली नाही, तर त्यांनी धावत्या गाडीत ती करून घेतली. आपल्याकडे तर समाजमंदिर आहे, देवळाचा सभामंडप आहे, शाळेची पडवी सुट्टीत रिकामी असते. गावातल्या पाच-सहा जणींनी मिळून आठवड्यातली एक दुपार ठरवावी. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की त्या दोन तासांत चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. घरधन्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल, तर तेवढे दोन तास गोठा आणि पोरे सांभाळा. थंडीत जी ऊब अंगावर घ्याल, ती त्याच दोन तासांची असेल.