चिकटवलेला पत्रा

मासळीच्या गाडीत इंजिनाआधी हौदा जातो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माल भरला की आंबा घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत क्रेटमधला बर्फ वितळत राहतो आणि ते खारं पाणी पत्र्याच्या सांध्यासांध्यात शिरतं. गाडी कितीही धुतली तरी सांध्यातलं मीठ निघत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून वर कडक ऊन असलं तरी आतली जागा ओलीच. माझ्या पिकअपचा हौदा असाच कुजला. फाळक्याजवळ आणि मागच्या चाकांच्या वर पत्रा पापुद्र्यांनी सुटू लागला, बोटाने दाबलं की चुरा व्हायचा.

आमच्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे कुजलेला पत्रा कापायचा आणि नवा ठेवून वेल्डिंग मारायचं. ते एका गॅरेजात करून झालं होतं. पावसाळा सरला आणि गंज परत आला, तोही नेमका वेल्डिंगच्या कडेकडेने. पोलाद वितळतं ते १५०० अंशांच्या आसपास. जस्त ४२० अंशांनाच वितळतं आणि ९०७ अंशांना त्याची वाफ होते. म्हणजे वेल्डिंग मारलं की शेजारच्या पत्र्यावरचं जस्त आणि रंग दोन्ही जळणारच. वरून पुन्हा रंग मारता येतो. पण खालच्या बंद पोकळीत ब्रश पोचत नाही. तिथे उघडं पडलेलं लोखंड खाऱ्या पाण्याच्या तोंडी जातं.

म्हणून या वेळी मी पत्रा चिकटवायचं ठरवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी उभीच होती. नेहमीचे मिस्त्री काका ऐकून म्हणाले, "अरे, गोंदाने कधी हौदा जुळतो काय? क्रेट आदळले की निघून येईल." त्यांची शंका रास्त होती. पण गाड्यांच्या कारखान्यांत हे जुनं झालंय. दाराच्या आणि बॉनेटच्या दुमडलेल्या कडांमध्ये असंच ॲडहेसिव्ह भरतात. १९९६ साली आलेल्या लोटस एलिस या मोटारीची ॲल्युमिनियमची चासीच मुळी इपॉक्सीने जोडलेली होती. काकांना हे सांगितलं, तेव्हा ते कामाला तयार झाले.

खरी मेहनत चिकटवण्याआधीची. कुजलेला भाग कापताना ठणठणीत पत्रा लागेपर्यंत मागे जावं लागतं. दिसणाऱ्या भोकापेक्षा कुजलेली जागा बरीच मोठी निघते. मग ग्राइंडरने दोन्ही पत्रे चकचकीत होईपर्यंत घासायचे. रंग, जुनी लांबी, गंजाचा ठिपका, काही ठेवायचं नाही, कारण ॲडहेसिव्ह गंजाला चिकटलं तर गंजासकटच सुटून येतं. घासलेली जागा सॉल्व्हंटने पुसली की तिथे उघडा हात लावायचा नाही. कोकणातल्या जूनमध्ये उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं असतं. म्हणून ताडपत्रीखाली सकाळी घासायला घेतलं आणि त्याच दिवशी चिकटवून मोकळे झालो.

इपॉक्सीच्या दोन नळ्या एकाच गनमध्ये बसतात आणि पुढच्या नोझलमध्ये दोन्ही द्रव मिसळतात. पहिला थोडा माल फेकून द्यायचा; एकसारखा रंग येऊ लागला की मगच पत्र्यावर घ्यायचा. काकांनी नव्या पत्र्याची कड इंचभर जुन्यावर चढेल अशी ठेवली होती. त्या पट्टीवर माल पसरून पत्रा बसवला आणि सी-क्लॅम्प लावले. काकांचा हात सवयीने क्लॅम्प करकचून आवळायला गेला, तेव्हा मी थांबवलं. या मालात काचेचे बारीक मणी असतात. दोन पत्र्यांमध्ये थर किती राहायला हवा, ते हे मणी सांभाळतात. फार आवळलं तर माल बाहेर येतो आणि जोड कोरडा पडतो. कडेने माल सगळीकडे सारखा बाहेर डोकावला की समजायचं, आत पोकळी राहिलेली नाही. एक दिवस गाडीला हात लावला नाही. नंतर प्रायमर, सीलर आणि रंग; खालच्या बाजूनेही.

तेव्हापासून या हौद्याने पावसाळे काढलेत आणि क्रेटही झेललेत. सांध्यात पाणी शिरायला वाटच नाही, म्हणून जोडाच्या रेषेवर गंज नाही. आता काका स्वतःच गिऱ्हाइकांना ही पद्धत सुचवतात.

पण मर्यादाही ठामपणे सांगायला हव्यात. दोन पत्रे एकमेकांवरून सरकवणारा जोर हा जोड उत्तम पेलतो, मात्र कडेपासून सोलून काढणाऱ्या ओढीपुढे तो कमजोर असतो. म्हणून मोकळी कड राहणार असेल तर तिथे रिव्हेट द्यावेत, तेही पोलादी. ॲल्युमिनियमचे रिव्हेट खाऱ्या पाण्यात पोलादाशेजारी लवकर झिजतात. आणि हौद्याखालचे आडवे चॅनेल, चासी, दोर बांधायचे हूक यांना ॲडहेसिव्ह लावायचं नाही. गाडीचा भार आणि माणसांचा जीव त्यांच्यावर असतो. तिथे चांगला वेल्डरच हवा. हौद्याचा तळ आणि बाजूचे पत्रे मात्र निर्धास्त चिकटवावेत. घासण्यात आळस केला नाही, तर मासळीच्या गाडीला यापेक्षा टिकाऊ ठिगळ मी तरी पाहिलेलं नाही.