दीड तासाचे अंतर

"मुंबईपासून नागपूर किती लांब आहे?" असे माझ्या मुलीने परवा विचारले आणि मी चटकन उत्तरलो, "दीड तास." "बाबा, मी अंतर विचारलं, वेळ नव्हे," ती म्हणाली. तीस वर्षे वर्गात शब्द तोलून वापरण्याचा उपदेश करीत आलेला मी मनातून ओशाळलो.

प्रायश्चित्त म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. या दोन शहरांच्या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 690 किलोमीटर; लोहमार्गाने तेच 837 भरते. ताशी 800 किलोमीटरच्या वेगाने विमान उडाले, तर पाऊण तासाहून थोड्याच अधिक वेळात नागपूर यावे. मग वेळापत्रकातील दीड तास कोठून आला? विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सारा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग आवरणे आणि मुंबईस येताना पाळीची वाट पाहत घातलेल्या घिरट्या, हे सारे त्यातच आले. शिवाय हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे घरी जाताना तो पाठीवर असतो नि परतताना तोंडावर. वाऱ्यालाही घरची ओढ कळते की काय, असे उगीच वाटून गेले.

नागपूरला विमानांची ओळख जुनी. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता नि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची देवघेव करून आपापल्या गावी परतत. वडील त्या वेळी शाळकरी होते. अंथरुणात पडल्या पडल्या त्या विमानांचा आवाज ऐकल्याचे ते सांगत.

मी नोकरीस लागलो तेव्हा मात्र आगगाडीनेच जाई. सायंकाळी मुंबई सोडावी नि अकोला, बडनेरा, वर्धा मागे टाकीत सुमारे चौदा तासांनी नागपूर गाठावे. एवढा प्रवास करून दोन दिवसांत परतणे शोभत नसे. म्हणून दिवाळीत पंधरवडा नि उन्हाळ्यात महिनाभर मुक्काम पडे. पुढे विमान परवडू लागले, तसे "काय, केव्हाही जाता येईल" हे वाक्य माझ्या तोंडी बसले आणि ते 'केव्हाही' पुढे पुढे सरकत गेले.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री अकरा वाजता वडिलांची प्रकृती बिघडल्याचा दूरध्वनी आला. मला मिळण्याजोगे विमान दुसऱ्या दिवशी सकाळचे होते. ते बरोबर दीड तासात पोहोचले. मी घरी गेलो तो अंगणात माणसे उभी होती.

आता आईसाठी मी दर महिन्यास जातो. शनिवारी सकाळी जातो, रविवारी रात्री परततो. गेल्या खेपेस पिशवी दाराशी ठेवताच ती म्हणाली, "आलास? परत किती वाजता निघायचं आहे?" तिच्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता, दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक केव्हा करावा, एवढेच तिला ठरवायचे होते.

येत्या मे महिन्याचे तिकीट मी काढले आहे. ते आगगाडीचे आहे. मुलीलाही बरोबर नेणार आहे. नागपूर किती लांब आहे, हे तिने एकदा खिडकीशी बसून पाहावे, अशी माझी इच्छा आहे.