फोर्ट ते झवेरी बाजार : खऱ्या नाण्याच्या शोधात

मुंबईच्या फोर्ट भागात, शहीद भगतसिंह मार्गावर, टाकसाळीची जुनी वास्तू उभी आहे. 1829 मध्ये स्थापन झालेली ही टाकसाळ आजही चालू आहे. तेथून जवळच सर फिरोजशहा मेहता मार्गावरील अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते खुले झाले. या दोन वास्तूंपासून झवेरी बाजार पायी फार दूर नाही. ज्या घरात आजीच्या डब्यात लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये जपलेले आहेत, त्या घरातील कर्त्या मंडळींनी ही वाट एकदा तरी चालावी.

कारण जुन्या नाण्याविषयी प्रश्न एक नसतो, दोन असतात. धातू खरा आहे काय, हा पहिला. आणि नाणे खरे आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर झवेरी बाजारात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी नजर तयार व्हावी लागते, आणि ती संग्रहालयाच्या काचेपुढे तयार होते.

काचेआडचा रुपया शांतपणे पाहावा. 1835 नंतरच्या चांदीच्या रुपयाचे प्रमाण वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, चांदी 91.7 टक्के. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1876 पर्यंत ‘क्वीन’ आणि 1877 पासून ‘एम्प्रेस’ अशी अक्षरे आहेत. म्हणजे ‘एम्प्रेस’ लिहिलेला 1862 चा रुपया समोर आला, तर त्याची चांदी कितीही शुद्ध असो, ते नाणे खोटेच. कंपनीच्या नावाची, रामदरबाराचे चित्र असलेली आणि 1616, 1717 किंवा 1818 असे साल घातलेली ‘नाणी’ही अशीच. मुंबई बेट कंपनीकडे आले तेच 1668 मध्ये; आणि अशी रामदरबाराची नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. भक्तिभावाने देवघरात ठेवावयास हरकत नाही. पुरातन नाणे म्हणून मोल देऊ नये.

गिन्नीचेही तसेच. पाचव्या जॉर्जच्या काळात मुंबईत सॉव्हरिन पाडले गेले ते केवळ 1918 मध्ये, आणि त्यांवर ‘आय’ हे इंग्रजी अक्षर आहे. त्याच राजाच्या गिन्नीवर ‘आय’ आणि दुसरेच साल दिसले, तर पुढची परीक्षा करण्याचे कारण उरत नाही.

संग्रहालयातून निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मग महात्मा फुले मंडई, तेथून शेख मेमन रस्त्याने जुम्मा मशिदीवरून पुढे गेले की मुंबादेवीच्या परिसरात झवेरी बाजार लागतो. हातगाड्या, हमाल, आणि वरच्या माळ्यांवर भट्टीशी बसलेले कारागीर. गल्लीतली धूळ गोळा करून त्यातून सोन्याचा कण शोधणारे झारेकरी याच बाजाराचे. येथे धातूविषयी कोणी भावनेने बोलत नाही.

दिवाळीच्या आधी येथील पेढ्यांवर एक दृश्य हमखास दिसते. गावाकडचे भाऊ वाटणीसाठी आईचा डबा घेऊन येतात. शेठ प्रथम कसोटीचा दगड काढीत नाहीत, कारण घासलेल्या नाण्याचे संग्राहकाच्या दृष्टीने मोल घटते. ते नाणे तराजूत ठेवतात, मग भिंगातून कड पाहतात. ठशाने पाडलेल्या नाण्याचे कंगोरे सारखे व धारदार असतात. ओतीव नकलेवर बारीक खड्डे, बोथट अक्षरे आणि कडेला सांध्याची रेघ सापडते. त्यानंतर दोऱ्याने नाणे पाण्यात लोंबते सोडून पुन्हा वजन घेतात. खऱ्या रुपयाचे वजन पाण्यात सुमारे 1.13 ग्रॅमने घटते. जर्मन सिल्व्हरचा असेल तर घट 1.3 ग्रॅमच्या पुढे जाते. यंत्रावर टंच काढता येतो, पण यंत्र पृष्ठभागच पाहते. जाड मुलामा त्यालाही चकवतो. लोहचुंबकाने खोटे काही वेळा पकडले जाते, खरे मात्र सिद्ध होत नाही. उलट 1947 चा निकेलचा अस्सल रुपया चुंबकाला चिकटतो!

मग ढीग वेगळे होतात, आणि थोरल्याचा चेहरा उतरतो. “शेठ, वजन तर सगळ्यांचे सारखेच आहे. मग हे दहा कमी मोलाचे कसे?”

“दादा, हे 1940 नंतरचे. वजन तेच, पण चांदी निम्मीच. नगावर वाटणी कराल, तर एका भावावर अन्याय होईल.”

आणि शेवटी एक नाणे बाजूला उरते. सगळ्यांत चकचकीत, आईने पूजेत नेहमी वर ठेवलेले. ते खोटे असते. धाकटा हळूच म्हणतो, “बाकीच्यांत मिसळून दिले तर कोणाला कळणार?”

खरी कसोटी येथे लागते. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापाशेजारी ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे; खऱ्याच्या जागी नक्कल खपवणे ही चोरीच. दिल्लीच्या टाकसाळीचा अनुभव असलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाल जैन अधिकाऱ्याने 1318 मध्ये नाण्यांचे वजन, कस आणि मोल सांगणारा ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ रचला, तो आपल्या भावासाठी व मुलासाठी. परीक्षेची विद्या घरातल्यांना द्यावी, म्हणजे घर फसत नाही आणि कोणाला फसवीतही नाही, हा त्याचा अर्थ व्यापाऱ्यास वेगळा सांगावा लागत नाही.

शेठ त्या नाण्याला कागदी पुडी करतात आणि वर लिहून देतात : ‘खोटे. मोजणीत धरू नये.’ पुडी पुन्हा आईच्या डब्यात जाते. आईची आठवण म्हणून ते नाणे घरात राहू शकते; बाजारात मात्र त्याने जाऊ नये. पुढच्या पिढीने डबा उघडला, की तिला नाण्यांबरोबर ती चिठ्ठीही मिळेल.