तोफांचे माहेर

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या माणसाकडून लोकांच्या काही ठराविक अपेक्षा असतात. त्याने बर्फाविषयी बोलावे, घड्याळांच्या किमती सांगाव्यात, गाईंच्या गळ्यातल्या घंटांचे वर्णन करावे आणि येताना चॉकलेट आणावे. यातले सारे मी यथासांग केले. पण या दिवाळीत वाचकांना सांगायचे आहे ते एका निराळ्याच जागेविषयी. तिथे सहलीची बस थांबत नाही आणि चित्रपटाचे गाणेही कोणी तिथे चित्रित केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. झुरिक शहराच्या उत्तरेचे हे उपनगर. नाव ओर्लिकॉन.

महायुद्धाची पुस्तके वाचणाऱ्यांना हे नाव तोफेचे म्हणून परिचयाचे असते. ते मुळात एका गावाचे आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. २०२३ च्या जूनमध्ये माझी भाची झुरिकला नोकरीस होती. तिच्याकडे पंधरा दिवस मुक्काम होता, तेव्हा एका सकाळी मी हा बेत तिच्यापुढे ठेवला.

"मामा, लोक इथे सरोवर बघायला येतात. तुम्ही कारखाने बघायला निघालात!" ती म्हणाली, पण बिचारी रजा टाकून बरोबर आली.

मुख्य स्थानकावरून लोकलने पाच-सात मिनिटांचा रस्ता. दादरहून परेलला जावे इतकेच. १९३४ पर्यंत हे स्वतंत्र गाव होते. त्या साली ते झुरिकमध्ये सामील झाले. आपल्याकडे गिरणगावाचे जे झाले तेच इथेही झाले आहे. जुन्या कारखान्यांच्या जागी कचेऱ्या आणि राहती घरे उभी राहिली आहेत. एका कारखान्याच्या जागेवर लोखंडी खांबांचा चार-पाच मजली उंच सांगाडा उभारून त्यावर वेली चढवल्या आहेत. आत शिरले की एखाद्या अवाढव्य हिरव्या मांडवात उभे असल्यासारखे वाटते. जवळच १८८९ सालची एक विटांची इमारत आहे. रुळांच्या वाटेत येते म्हणून ती पाडायची होती. पण लोकांचा जीव तिच्यावर. म्हणून २०१२ साली ६,२०० टनांची ती अख्खी इमारत साठ मीटर पलीकडे सरकवली. जुने जपण्याची अशी हौस पाहून मला या लोकांचे कौतुक वाटले.

ही इमारत विजेची यंत्रे बनवणाऱ्या जुन्या कंपनीची. तिच्यातूनच १९०६ साली यांत्रिक हत्यारे बनवणारा एक कारखाना वेगळा निघाला, आणि आपली तोफ त्या कारखान्याची.

तोफ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किल्ल्याच्या बुरुजावरची, एक बार झाला की निवायला बसणारी तोफ येते. ही तशी नव्हे. मशीनगनची गोळी भरीव असते. ती भोक पाडते आणि निघून जाते. तोफेचा गोळा पोकळ असतो. त्याच्या पोटात स्फोटक आणि टोकाशी ते पेटवणारा फ्यूज. तो लागला की फुटतो. मशीनगनचा वेग आणि तोफेचा फुटणारा गोळा यांचा संयोग म्हणजे स्वयंचलित तोफ. ओर्लिकॉनचा गोळा वीस मिलिमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढा, वजनाने अदमासे सव्वाशे ग्रॅम. मिनिटाला साडेचारशे या वेगाने ते सुटत. वरच्या डब्यात साठ काडतुसे मावत. म्हणजे घोडा दाबून धरला तर आठ सेकंदांत डबा रिकामा. आपली फटाक्यांची माळसुद्धा याहून जास्त वेळ पुरते.

हिची युक्तीही मोठी चतुर. काडतुसाचा बार उडतो तेव्हा तो गोळ्याला पुढे ढकलतो तसा मागच्या लोखंडी ठोकळ्यालाही मागे ढकलतो. म्हणून पुष्कळ बंदुकांत तो ठोकळा कुलूप घालावा तसा अडकवून ठेवतात. ओर्लिकॉनमध्ये कुलूपच नाही. जड ठोकळा काडतूस घेऊन वेगाने पुढे येतो आणि तो थांबण्यापूर्वी क्षणभर आधी बार उडतो. उभ्या माणसाला ढकलणे सोपे, धावत अंगावर येणाऱ्याला मागे ढकलणे कठीण! बाराचा जोर आधी त्या धावत्या ठोकळ्याला थोपवण्यात खर्च होतो. तोवर गोळा नळीबाहेर. काडतूस आतबाहेर सरकताना अडकू नये म्हणून त्याला ग्रीस मात्र चोपडावे लागे.

मूळ कल्पना जर्मनीतल्या बेकर नावाच्या तोफेची, पहिल्या महायुद्धातली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर शस्त्रबंदी आली, तेव्हा ती कल्पना सरहद्द ओलांडून शेजारच्या झेबाख गावातल्या एका कंपनीकडे आली. ती कंपनी बुडाल्यावर १९२४ साली ओर्लिकॉनच्या कारखान्याने तिला पदरात घेतले आणि वाढवले.

मग या लेकी मोठ्या झाल्या आणि त्यांना स्थळे येऊ लागली. ब्रिटिश आरमाराने ही तोफ घ्यावी म्हणून खटपट केली ती लॉर्ड माउंटबॅटन यांनी. आपल्याला ते शेवटचे व्हाइसरॉय म्हणून ठाऊक. तेव्हा ते आरमारात कॅप्टन होते. १९३९ साली दीड हजार तोफांची मागणी नोंदवली गेली. पण फ्रान्स पडेपर्यंत जेमतेम १०९ पोहोचल्या. पुढे इंग्लंड-अमेरिकेने परवान्यावर त्या स्वतःच्याच देशात हजारोंनी बनवल्या. दुसरीकडे याच घराण्यातली विमानाची तोफ जर्मनांच्या मेसरश्मिट विमानांच्या पंखांत गेली आणि जपानच्या 'झिरो' विमानांच्याही. प्रशांत महासागरात अमेरिकन जहाजावरचा खलाशी खांदे टेकवून ओर्लिकॉन चालवी, आणि वरून झेपावणाऱ्या झिरोच्या पंखांतूनही तिचीच बहीण उत्तर देई. दोन्ही सुना एकाच माहेरच्या! आणि माहेर मात्र तटस्थ.

या माहेरचा कर्ता पुरुष एमिल ब्यूर्ले. हा जन्माने जर्मन. शिक्षणाने, वाचकहो, आमच्याच जातकुळीचा. साहित्य आणि कलेचा इतिहास हे त्याचे विषय. १९२४ साली तो ओर्लिकॉनला आला आणि पुढे कारखान्याचा मालक झाला. १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा माल ब्रिटन-फ्रान्सला गेला. नंतर सरकारच्या संमतीने जर्मनी-इटलीला. युद्ध संपले तेव्हा तो स्वित्झर्लंडमधला सर्वांत धनाढ्य माणूस होता. त्या पैशातून त्याने चित्रे घेतली. थोडीथोडकी नव्हेत, सहाशेच्या घरात.

दुपारी आम्ही ती चित्रे पाहायला कुन्स्टहाउस या शहराच्या कलासंग्रहालयात गेलो. २०२१ साली उघडलेल्या नव्या इमारतीत त्यांतली निवडक चित्रे मांडली होती. मोने, सेझान, व्हॅन गॉग. छापील पुस्तकांतून पाहिलेले रंग प्रत्यक्षात समोर. माझे पाय दुखणे थांबले, एवढे सांगितले तरी पुरे.

एका चित्रापुढे मात्र मी खिळून राहिलो. रेन्वारने १८८० साली रंगवलेली आठ वर्षांची मुलगी. तांबूस मोकळे केस, मांडीवर ठेवलेले हात. ही इरेन, पॅरिसच्या एका ज्यू सावकाराची लेक. मोठेपणी तिला मुलगा झाला. तो पहिल्या महायुद्धात, १९१७ साली वैमानिक म्हणून हवेतल्या लढाईत पडला. मुलगी बेआत्रीस आपल्या नवऱ्यासह आणि दोन्ही मुलांसह आउश्वित्झच्या छळछावणीत संपली. हे चित्र १९४१ साली नाझींनी लुटले आणि ते गोअरिंगच्या हाती गेले. ज्याच्या विमानांच्या पंखांत ओर्लिकॉनच्या वंशातल्या तोफा होत्या, तोच गोअरिंग. १९४६ साली ते म्हाताऱ्या इरेनला परत मिळाले. तीन वर्षांनी तिने ते विकले. घेणारा ब्यूर्ले.

हा व्यवहार कायदेशीर होता. सगळेच तसे नव्हते. लुटीच्या मालातली तेरा चित्रे १९४८ साली स्विस न्यायालयाने त्याला परत करायला लावली. त्यांतली नऊ त्याने मूळ मालकांकडून पुन्हा रीतसर विकत घेतली. पुढे २०२४ साली आणखी पाच चित्रे संशयावरून भिंतीवरून उतरवण्यात आली.

माहेरचा व्यवसाय अजून चालू आहे. मी गेलो तेव्हा ओर्लिकॉनमध्ये त्याच परंपरेतली, आता जर्मन मालकीची कंपनी विमानविरोधी तोफा बनवत होती. हल्लीचा पस्तीस मिलिमीटरचा गोळा नळीच्या तोंडाशी असलेल्या तीन कड्यांतून जातो. पहिल्या दोन त्याचा वेग मोजतात. तिसरी त्याला कुठे फुटायचे ते सांगते. लक्ष्याच्या जरा अलीकडे फुटून तो टंगस्टनचे १५२ तुकडे पुढे फेकतो. आणि २०२२ साली, रशियाच्या ड्रोनपासून शहरे वाचवणाऱ्या युक्रेनला, जर्मनीने पूर्वी स्वित्झर्लंडकडून घेतलेली १२,४०० काडतुसे द्यायची परवानगी मागितली, तेव्हा उत्तर आले की आम्ही तटस्थ आहोत. अखेर जर्मनीने आपल्याच कारखान्यात ती नव्याने बनवली. तटस्थता हा शब्द १९४० साली विकायला आड आला नाही आणि २०२२ साली वाचवायला आड आला.

"मग ही चित्रे बघायचीच नाहीत का, मामा?" भाचीने विचारले.

बघायची. पण सगळी हकीकत बरोबर घेऊन. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगत आलो आहे की साहित्य आणि कला मन घडवतात. ते मी यापुढेही सांगेन. मात्र साहित्य शिकलेल्या या ब्यूर्लेची गोष्टही त्यांना सांगेन, म्हणजे उरलेले काम पुस्तकाचे नव्हे, आपले आहे, हे त्यांना कळेल.

आमच्या शेजारी एका शाळेची मुले जमिनीवर बसली होती. बाईंनी काहीतरी विचारले आणि पाचसहा हात वर झाले. ती मुलगी चित्राबाहेर कुठे पाहते आहे, असा तो प्रश्न असल्याचे भाचीने सांगितले. एक म्हणाला बागेकडे, दुसरी म्हणाली आईकडे. बाईंनी दोघांचेही ऐकून घेतले आणि सगळ्यांना उठवून, या चित्रांच्या मालकांची माहिती मांडलेल्या दालनात त्या घेऊन गेल्या.