न गळणारी ग्लँड

सुरळीत चाललंय त्याला हात लावू नये, हे आमच्या हर्णै बंदरातलं जुनं मत. बरीच वर्षं माझंही तेच होतं. सुकाणूचा दांडा नौकेत शिरतो तिथे पाणी अडवणारी ग्लँड गळत नसेल तर उघडायची नाही. नट जरा आवळायचे, ग्रीस भरायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढ्यात इंजिन, पंखा, रंग, जाळी, सगळंच उरकायचं असतं. त्यात न गळणाऱ्या ग्लँडीसाठी वेळ काढणारा मला उगाच खर्चिक वाटायचा.

आज मी नेमकं उलट सांगतो. ग्लँड गळो न गळो, दर बंदीत तिच्यातलं दोरीचं पॅकिंग पुरतं काढायचं. पॅकिंगसाठी नव्हे, त्याच्याआडचा दांडा डोळ्यांनी बघण्यासाठी.

माझं मत फिरलं ते आंजर्ल्याच्या खाडीत एका शेजाऱ्याच्या नौकेचा दांडा उतरवला तेव्हा. वर-खाली लखलखीत स्टेनलेस स्टील, आणि बरोबर पॅकिंग बसतं तेवढ्या पट्ट्यात बारीक काळी भोकं. बोट फिरवलं तर नख अडकत होतं. एका भोकात तर तारेचं टोक आत गेलं. ही ग्लँड कधी गळली नव्हती, आणि सुकाणूचा सगळा पीळ झेलतो तो हाच दांडा.

स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या पॅकिंगखाली खारं पाणी कोंडलं की ऑक्सिजन संपतो आणि क्लोराइड धातू पोखरू लागतं. पंख्याचा शाफ्ट सतत फिरतो, म्हणून त्याच्या ग्लँडीतून थेंब थेंब पाणी सुटू देतात. त्यानेच ती थंड राहते. सुकाणू मात्र दोन्हीकडे साधारण ३५ अंशच वळतं, तेही सावकाश. तिथे तापण्याचा प्रश्न नाही, म्हणून ती ग्लँड आपण कोरडी ठेवतो. योग्यच आहे ते. पण मग आतलं पाणीही हलत नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट स्टीलला आणखी खातं, म्हणून काळी ग्राफाइटची दोरी मी इथे वापरत नाही.

काम तसं मोठं नाही. नौका वर ओढलेली असताना नट सोडायचे आणि आकड्याने जुनी कडी एकेक उपसायची. तळाचं कडं सुंभासारखं कडक झालेलं असतं. त्याच्यावरच नवी दोरी कोंबणारे पुष्कळ, पण ते काही दबत नाही. नवी दोरी दांड्याएवढ्याच जाडीच्या नळीवर गुंडाळून ४५ अंशांत तिरकी कापायची. प्रत्येक कडं वेगळं दाबून बसवायचं आणि सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळायचे, नाहीतर ग्लँड तिरकी होऊन दांड्याला घासते.

धक्क्यावर कोरडं दिसलं म्हणून विसंबू नये. रिकामी नौका उभी असते तेव्हा पुष्कळ नौकांची ही ग्लँड पाण्याच्या वर असते. बर्फ आणि डिझेल भरून मशीन वाढवलं की मागची बाजू खाली बसते. पहिल्या फेरीला तेव्हाच एका खलाशाला बॅटरी देऊन मागे बसवतो. ओल दिसली तर प्रत्येक नट पाव फेरा आवळायचा, आणि तांडेलला विचारायचं, सुकाणू जड तर झालं नाही ना.