खुज्जुत्तरेचा प्रवेश

विद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांनी खुज्जुत्तरेची कथा निवडली. कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती हिची ही दासी, पाठीला कुबड असलेली. फुलांसाठी मिळणाऱ्या आठ नाण्यांपैकी चार ती स्वतःजवळ ठेवी. तथागतांचे प्रवचन ऐकले त्या दिवशी तिने आठही नाण्यांची फुले आणली, आणि पुढे अंतःपुरातील स्त्रियांना ऐकलेला धम्म शब्दशः सांगू लागली. इतिवुत्तकातील ११२ सुत्ते तिच्याच स्मरणातून आली, असे परंपरा मानते. बहुश्रुत उपासिकांत तथागतांनी तिलाच अग्रस्थान दिले.

ही भूमिका कुणी पाठीला उशी बांधून करावी, हे आमच्या मनास पटेना. आमच्यातील एका भगिनीचा पाठकणा लहानपणापासून वाकलेला आहे, तिला विचारले. ती लगेच तयार झाली. तिची आई मात्र म्हणाली, "लोक नाटक बघणार नाहीत, माझ्या लेकीची पाठ बघतील." या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे ती माउली रोज तालमीला येऊन बसू लागली, एवढेच.

खरा वाद दुसराच झाला. खुज्जुत्तरेने पूर्वजन्मी एका प्रत्येकबुद्धाच्या वाकलेल्या पाठीची नक्कल केली, म्हणून तिला कुबड आले, असे अट्ठकथा सांगते. तो प्रसंग घ्यावा, असा काही ज्येष्ठांचा आग्रह. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बुद्धाच्या शिकवणुकीशी विसंगत ठरवला आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गतजन्मीचे पाप सांगूनच गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनी तोच न्याय आपल्या अपंग लेकरांना लावावा काय? तो प्रसंग आम्ही वगळला. दोन ज्येष्ठ प्रयोगाला आले नाहीत.

मंडळीत दोघे अंध आणि एक कर्णबधिर होता. स्वागत थोरात यांनी १९ अंध कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' उभे केले, हे आम्ही ऐकून होतो. त्यामुळे धीर आला. रंगमंचाच्या कडेने काथ्याची पट्टी अंथरली. अनवाणी पायाला ती लागली की अंध नटाला हद्द कळे. कर्णबधिर मित्राला इशारा म्हणून फळ्यांवर टाच आपटायची. कंप त्याच्या तळव्यांपर्यंत पोहोचे. प्रेक्षकांना तो राजाचा रुबाब वाटला.

रंगमंचाला यंदा उतार बांधला आहे. रंगभूषेच्या खोलीला अजून तीन पायऱ्या आहेत.